काटे, सांधे आणि दव : नागपूरच्या हिवाळ्यासाठी सायकलचे टायर

सायकलच्या ‘हिवाळी टायर’ची जी कल्पना युरोपातून जगभर पोहोचली, ती बर्फ गृहीत धरून तयार झालेली आहे. फिनलंडमधील औलू या शहरात, जेथे 2013 साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, लोक गोठलेल्या रस्त्यांवरून शाळेत आणि कामावर सायकलनेच जातात. तेथील टायरच्या पृष्ठभागावर बारीक खिळे बसवलेले असतात आणि त्यांची टोके टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण संयुगाची असतात. हे खिळे बर्फात रुततात, त्यामुळे चाक घसरत नाही. परंतु तोच टायर कोरड्या सिमेंटवर आला की रबराऐवजी धातू रस्त्याला टेकतो, पकड कमी होते आणि खिळेही झिजून जातात. भारतात असे टायर लडाख किंवा स्पितीच्या हिवाळ्यात कामी येतील, विदर्भात त्यांना काम नाही.

असे असले तरी नागपूरच्या सायकलस्वाराने हिवाळ्यासाठी टायरचा वेगळा विचार करणे आवश्यक ठरते, कारण येथे सायकल चालवण्याचा खरा हंगाम हाच आहे. ज्या शहरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंश सेल्सिअसवर गेला होता, तेथे उन्हाळ्यात सकाळच्या दोन-तीन तासांपलीकडे सायकल बाहेर काढणे कठीण असते आणि पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली दडलेले असतात. म्हणून वर्षभरातील बहुतेक लांबच्या फेऱ्या ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या काळात होतात. ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ठरावीक अंतर ठरावीक वेळेत पार करण्याच्या बिनस्पर्धेच्या फेऱ्यांनाही हेच महिने सोयीचे पडतात; त्यांत 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर 300 किलोमीटरसाठी 20 तास मिळतात आणि लांब अंतराच्या फेरीचा काही भाग अंधारातच कापावा लागतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका पूर्व-पश्चिम ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केल्यानंतर शहरात दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगविषयीचे कुतूहल वाढले. दुसरीकडे पहाटे वर्तमानपत्रे टाकणारे, दुधाच्या कॅन वाहणारे आणि शिकवणीला जाणारे विद्यार्थी हेही हिवाळ्यातल्या रस्त्यावर असतातच. या सर्वांच्या टायरला थंडीचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो तो ओसरलेला पावसाळा रस्त्यावर आणि रस्त्याकडेला जे सोडून गेलेला असतो त्याचा, आणि पहाटे व दुपार यांच्या तापमानातील मोठ्या तफावतीचा. टायरची निवड त्या दृष्टीनेच करावी लागते.

थंडी आणि रबर

रबर लवचीक असते, कारण त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असून त्या साखळ्यांना हालचाल करता येते. तापमान फार उतरले की ही हालचाल थांबते आणि रबर काचेप्रमाणे कडक व ठिसूळ होते; ज्या तापमानाला हे घडते त्याला काचीभवन तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ते उणे 70 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रबरांच्या बाबतीत ते मिश्रणानुसार बरेच वर येते. काचीभवन होण्याच्या कितीतरी आधीपासून रबर ताठर होऊ लागते आणि त्याची पकड घटते, म्हणूनच मोटारींच्या बाबतीत साधारण 7 अंशांखाली हिवाळ्यासाठीचे मऊ रबर वापरावे असा संकेत थंड देशांत रूढ आहे.

नागपुरात जानेवारीतील सरासरी किमान तापमान 12 ते 13 अंशांच्या घरात असते. 29 डिसेंबर 2018 रोजी शहरात 3.5 अंशांची नोंद झाली होती, परंतु अशा पहाटा क्वचित येतात आणि सूर्य वर आला की रस्ता लवकर तापतो. त्यामुळे केवळ थंडीसाठी म्हणून वेगळ्या मिश्रणाच्या टायरवर जादा पैसे खर्च करण्याचे नागपूरकराला कारण नाही. उलट येथील रबराचा खरा शत्रू उन्हाळा आहे. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ओझोन वायू यांमुळे रबराच्या साखळ्या तुटतात, उष्णतेमुळे ही क्रिया वेगाने होते आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा पडतात. व्हरांड्यात किंवा गच्चीवर एप्रिल-मे काढलेली सायकल नोव्हेंबरात बाहेर येते आणि चार दिवसांत तिचा टायर फाटतो, तेव्हा दोष थंडीला दिला जातो. प्रत्यक्षात तो टायर सहा महिन्यांपूर्वीच कामातून गेलेला असतो.

पहाटेची हवा, दुपारची हवा

थंडीचा परिणाम रबरापेक्षा रबराच्या आतल्या हवेवर अधिक होतो. बंदिस्त वायूचे आकारमान फारसे बदलले नाही तर त्याचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात कमी-जास्त होतो. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअस अंशांत 273 मिळवून येणारा आकडा. पंपाचा काटा मात्र वातावरणाच्या दाबापेक्षा जेवढा अधिक दाब आहे तेवढाच दाखवतो, म्हणून हिशेब करताना वातावरणाचा दाब त्यात मिळवावा लागतो. दाब मोजण्याचे रूढ एकक पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा पौंडांमधील भार, हे आहे आणि नागपूरच्या सुमारे 310 मीटर उंचीवर वातावरणाचा दाब साधारण 14 पीएसआय असतो.

दुपारी 28 अंश तापमानात टायरमध्ये 60 पीएसआय हवा भरली, तर एकूण दाब 74 होतो. पहाटे तापमान 10 अंशांवर आले की हा दाब 283 भागिले 301 या प्रमाणात घटून सुमारे 69.5 होतो, म्हणजेच काटा 55.5 दाखवतो. कोठेही गळती नसताना रात्रीतून साडेचार पीएसआय उतरलेले असतात. त्यात ट्यूबमधून सावकाश झिरपणारी हवा वेगळीच, कारण ब्यूटाइल रबराची ट्यूबही हवा पूर्णपणे रोखून धरत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दाब लक्षात येण्याइतका घटतो. यावर उपाय साधा आहे : ज्या वेळी सायकल चालवायची त्याच वेळच्या तापमानात, म्हणजे पहाटे निघणाऱ्याने पहाटेच, हवा तपासावी. दुपारी ऊन चढल्यावर दाब पुन्हा चार-पाच पीएसआयने वाढतो. टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ हवा भरलेली नसेल, तर या वाढीने काही बिघडत नाही.

दाब किती असावा, हे टायरची रुंदी आणि त्यावर पडणारे वजन यांवर ठरते. मागच्या चाकावर 50 किलो भार असेल आणि टायरमध्ये 60 पीएसआय, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे 4.2 किलो, दाब असेल, तर टायर रस्त्याला जवळपास 12 चौरस सेंटिमीटर जागेत टेकतो. आगपेटीच्या वरच्या बाजूपेक्षाही लहान असलेल्या या जागेवर ब्रेक, वळण आणि वेग हे सारे अवलंबून असते. हवा जास्त झाली की ही जागा आणखी आक्रसते आणि चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारू लागते. हवा कमी झाली की खड्ड्याच्या कडेवर टायर दबून ट्यूब रिम आणि रस्ता यांच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. सुमारे 75 किलो वजनाच्या स्वाराला मागच्या चाकासाठी 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये 75 ते 80, 32 मिलिमीटरच्या टायरमध्ये 60 ते 65, 38 मिलिमीटरच्या टायरमध्ये 45 ते 50 आणि दोन इंची टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय ही सुरुवात म्हणून योग्य ठरते. पुढच्या चाकावर भार कमी असल्याने तेथे हाच आकडा दहा टक्क्यांनी कमी धरावा.

सिमेंटचे रस्ते आणि त्यांच्या कडा

नागपूर महानगरपालिकेने शहरातील अनेक रस्ते टप्प्याटप्प्याने सिमेंटचे केले आहेत. डांबरी रस्त्याप्रमाणे हे रस्ते पावसाने उखडत नाहीत, पण सायकलस्वारापुढे ते वेगळ्या अडचणी उभ्या करतात. सिमेंट काँक्रीट तापमानानुसार आकुंचन आणि प्रसरण पावते, म्हणून ते सलग न ओतता साधारण साडेचार मीटर अंतरावर आडवे सांधे ठेवले जातात आणि दोन मार्गिकांच्या मध्ये उभा सांधा असतो. आडव्या सांध्यांवरून जाताना ठरावीक अंतराने हादरे बसतात, ते हातांना आणि पाठीला जाणवतात. धोका मात्र उभ्या सांध्याचा असतो, कारण तो चाकाच्याच दिशेने धावतो. त्यातील भराव निघून गेला असेल, किंवा सिमेंटचा रस्ता आणि बाजूचे गट्टू यांच्यामध्ये फट पडली असेल, तर अरुंद टायर तीत अडकतो आणि स्वाराला चाक वळवता येत नाही. रस्त्याची कड आणि बाजूची जमीन यांच्यातील उंचीचा फरक हाही असाच त्रासदायक असतो. मागून येणाऱ्या वाहनाला वाट देण्यासाठी खाली उतरलेली सायकल तिरपी वर चढवताना टायरची भिंत त्या कडेवर घासते.

या रस्त्यांवर 23 किंवा 25 मिलिमीटरचे, शर्यतीसाठी असलेले टायर वापरणे शहाणपणाचे नाही. अरुंद आणि कडक टायर वेगवान असतो, हा समज दीर्घकाळ टिकून राहिला. परंतु अरुंद टायरचा रस्त्याला टेकणारा भाग लांबट असतो आणि त्याच दाबाच्या रुंद टायरचा भाग आखूड व रुंद असतो, त्यामुळे फिरताना रुंद टायरचे कापड कमी लांबीत दबते आणि दर फेऱ्याला वाया जाणारी ऊर्जाही कमी होते. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेते तेवढी सुटताना परत देत नाही, उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. टायरला फिरण्यास होणाऱ्या विरोधाचे मुख्य कारण तेच आहे. रुंद टायरमध्ये दाब कमी ठेवला की हा फायदा काही अंशी घटतो, पण हादरे शोषले जाऊन स्वाराची शक्ती वाचते. व्यावसायिक शर्यतींमध्येही आता 28 मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर सर्रास दिसतात. नागपूर शहरातील रोजच्या वापरासाठी 32 ते 40 मिलिमीटर ही रुंदी सर्वांत सोयीची आहे.

सराट्याचा हंगाम

नागपूरच्या हिवाळ्यात टायरचा सर्वांत मोठा शत्रू जमिनीलगत पसरणारी एक लहानशी वनस्पती आहे. सराटा किंवा गोखरू या नावाने शेतकरी ती ओळखतात, आयुर्वेदात दशमुळांमध्ये तिची गणना होते आणि वनस्पतिशास्त्रात तिला ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस हे नाव आहे. पावसाळ्यात मुरमाड, तुडवलेल्या जागेत, म्हणजे नेमके रस्त्याच्या कडेला, ती वाढते, बारीक पिवळी फुले धरते आणि पाऊस ओसरला की तिची फळे वाळू लागतात. प्रत्येक फळाचे वाळल्यावर पाच तुकडे होतात आणि दर तुकड्यावर सामान्यतः दोन मोठे व दोन लहान काटे वेगवेगळ्या दिशांना रोखलेले असतात, त्यामुळे तो जमिनीवर कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. काटा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि वाळल्यावर एवढा कठीण होतो, की साध्या टायरचे दोन-तीन मिलिमीटर रबर भेदून ट्यूबपर्यंत सहज जातो. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातही हीच वनस्पती सायकलस्वारांना छळते आणि जाड भिंतीच्या ‘काटेरोधक’ ट्यूबना तेथे मोठी मागणी असते.

सराट्याखालोखाल बाभळीचा काटा येतो. बाभळीचे काटे जोडीने येतात, काही पाच सेंटिमीटरपेक्षाही लांब असतात, आणि शेतांच्या कुंपणासाठी बाभळीच्या व बोरीच्या फांद्या तोडून ओढत नेल्या जातात तेव्हा त्यांतले काटे गाडीवाटेवर गळतात. हिवाळ्यात तुरीची आणि पुढे पऱ्हाटीची कापणी झाली की शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटांवर धसकटे उरतात; तिरपे कापलेले धसकट टायरच्या भिंतीत घुसले तर ट्यूबबरोबर टायरही निकामी होतो. महामार्गांवर, विशेषतः जबलपूर आणि वर्धा मार्गांच्या कडेच्या पट्टीवर, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधील पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे पडलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रबरात हळूहळू आत सरकत जातात आणि काही किलोमीटरनंतर हवा उतरू लागते.

या काट्यांविरुद्ध टायरमध्ये दोन प्रकारचे संरक्षण दिले जाते. पहिल्या प्रकारात नक्षीच्या रबराखाली ॲरामिड धाग्याची पट्टी असते. ॲरामिड हा अतिशय चिवट कृत्रिम धागा असून केव्हलार हे त्याचे सुप्रसिद्ध व्यापारी नाव आहे. ही पट्टी काचेच्या तुकड्याला आणि धारदार खड्याला अडवते, पण सराट्याचा काटा सुईसारखा बारीक असल्याने धाग्यांच्या मधून वाट काढू शकतो. दुसऱ्या प्रकारात नक्षी आणि कापड यांच्यामध्ये मऊ रबराचा जाड थर असतो. जर्मन कंपनी श्वाल्बेच्या ‘मॅरेथॉन प्लस’ या टायरमध्ये तो 5 मिलिमीटर जाडीचा आहे. आखूड काट्याचे टोक या थरातच अडकून राहते. अशा टायरचे वजन वाढते आणि तो फिरायला जड लागतो, पण नागपूरच्या कडेच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याला हा व्यवहार परवडतो.

टायर बदलणे शक्य नसेल, तर टायर आणि ट्यूबच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी टाकता येते. सायकल दुरुस्तीच्या दुकानांत जुनी ट्यूब कापून तिची पट्टी आत घालण्याची पद्धत आहे आणि स्वस्तात ती बऱ्यापैकी काम करते. मात्र पट्टीची टोके एकावर एक येतात तेथे कडा तासून पातळ करून घ्याव्यात, नाही तर त्याच कडा ट्यूबला घासून छिद्र पाडतात. तिसरा उपाय ‘सीलंट’चा आहे. सीलंट म्हणजे रबराचा चीक किंवा तत्सम पदार्थ असलेला द्रव. काट्याने छिद्र पडले की बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर तो छिद्रात जातो आणि तेथे घट्ट होऊन ते बुजवतो. ट्यूब नसलेल्या ‘ट्यूबलेस’ टायरमध्ये तो आवश्यकच असतो, पण त्यासाठी रिमही त्याच प्रकारची लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात हा द्रव लवकर वाळतो, म्हणून मार्चमध्ये भरलेल्या सीलंटवर डिसेंबरात विसंबून राहू नये. हंगामाच्या आरंभी तो नव्याने भरावा.

दव, धुके आणि नक्षीचा भ्रम

दुकानात टायर निवडताना ग्राहक बहुधा आधी नक्षी पाहतो आणि खोल खाचा असलेला टायर ओल्या रस्त्यावर अधिक सुरक्षित असेल असे मानतो. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण वेगात धावणाऱ्या रुंद टायरखाली पाण्याचा थर साचून टायर त्यावर तरंगू शकतो आणि खाचांमधून ते पाणी बाहेर काढावे लागते. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, त्यातील दाबही जास्त असतो, त्यामुळे तो पाणी सहज बाजूला सारतो. अमेरिकेच्या नासा या संस्थेतील संशोधकांनी 1960च्या दशकात विमानांच्या टायरसाठी मांडलेले सूत्र 60 पीएसआय दाबाला लावले, तर टायर पाण्यावर तरंगू लागण्यासाठी ताशी सुमारे 129 किलोमीटर वेग लागेल असे उत्तर येते. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर सायकलच्या टायरला जी पकड मिळते, ती रबराचे मिश्रण आणि रस्त्याचा खडबडीतपणा यांमुळे मिळते. खोल नक्षीने तेथे लाभ होत नाही, उलट रस्त्याला टेकणारे रबर कमी होते. उंच ठोकळ्यांचा टायर पक्क्या रस्त्यावर वळण घेताना ठोकळे वाकल्यामुळे डगमगतो आणि त्याचा घुमणारा आवाज म्हणजे वाया जाणारी शक्तीच असते.

हिवाळी पहाटे घसरण्याचा धोका खरोखर असतो, पण तो मोजक्या ठिकाणी असतो. अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा तलावांच्या परिसरात पहाटे दव भरपूर पडते आणि जे पृष्ठभाग गुळगुळीत आहेत, तेथे ते पातळ थरासारखे राहते : गतिरोधकांवरचे आणि झेब्रा क्रॉसिंगचे रंगीत पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, रेल्वे फाटकांतील रूळ. त्यांवर वाळूचे किंवा राखेचे कण पडलेले असतील तर घसरण आणखी वाढते. कन्हानच्या बाजूने रेती आणि कोराडी, खापरखेड्याच्या बाजूने राख व कोळसा वाहणारी वाहने ज्या मार्गांनी जातात, तेथे वळणांवर असे कण साचतात. अशा ठिकाणी कोणतीही नक्षी उपयोगाची नाही. चाक सरळ ठेवावे, ब्रेक आधीच दाबून वेग कमी करावा आणि रूळ शक्य तेवढ्या काटकोनात ओलांडावा, हाच मार्ग आहे.

नक्षी उपयोगी पडते ती मोकळ्या मातीत आणि मुरमावर. रामटेक, खिंडसी किंवा पेंचच्या दिशेने जाणाऱ्या कच्च्या वाटांवर आणि कालव्यांच्या काठाने सायकल चालवणाऱ्याला मध्यभागी सपाट आणि दोन्ही कडांना बारीक ठोकळे असलेला टायर योग्य ठरतो. सरळ जाताना सपाट भाग टेकतो आणि वळताना कडेचे ठोकळे मुरमात रुततात. काळ्या मातीच्या वाटेवर मात्र गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताचे पाणी आले असेल, तर नक्षी जेवढी दाट तेवढी माती अधिक चिकटते आणि चाक फ्रेममध्ये अडकते. म्हणून टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा राहील एवढाच रुंद टायर घ्यावा.

धुक्याच्या संदर्भात टायरचा एक गुण सहसा दुर्लक्षित राहतो. काही टायरच्या भिंतीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असते. बाजूने येणाऱ्या वाहनाच्या दिव्यात ती फिरत्या वर्तुळासारखी चमकते आणि चौकात सायकल आहे हे चालकाला लांबूनच कळते. पहाटे निघणाऱ्याने दोन सारख्या टायरमधून निवड करताना अशी पट्टी असलेला टायर घ्यावा.

टायरवरचे आकडे

रुंदी आणि प्रकार ठरल्यावरही चुकीचा टायर घरी येऊ शकतो, कारण इंचांमधील मापे फसवी असतात. 26 इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्ये किमान दोन वेगळी मापे भारतात प्रचलित आहेत : माउंटन बाइकचा 26 इंची टायर 559 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर साध्या सायकलींना येणारा 26 गुणिले 1⅜ इंची टायर 590 मिलिमीटरच्या रिमवर. त्याचप्रमाणे दूधवाल्यांच्या आणि वर्तमानपत्र विक्रेत्यांच्या पारंपरिक काळ्या सायकलचा 28 गुणिले 1½ इंची टायर 635 मिलिमीटरचा असतो आणि नव्या हायब्रिड सायकलचा 700सी टायर 622 मिलिमीटरचा; दोन्हींना 28 इंची म्हणत असले तरी ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. यासाठी टायरच्या भिंतीवर छापलेला 37-622 किंवा 40-635 असा जोड आकडा पाहावा. त्यातील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा जुन्या टायरशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्यात फ्रेम आणि ब्रेक यांच्या मर्यादेत थोडी वाढ चालते.

कोणाला कोणता टायर

शहरातच ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा नोकरदाराने 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचा, जवळपास सपाट नक्षीचा आणि आत रबराचा संरक्षक थर असलेला टायर घ्यावा. ब्रेव्हेला जाणाऱ्याने फ्रेममध्ये बसत असेल तर 28 ऐवजी 32 मिलिमीटरचा टायर निवडावा आणि त्यात काटेरोधक पट्टी असावी, कारण रात्री महामार्गाच्या कडेला ट्यूब बदलण्यात जाणारी वीस मिनिटे हलक्या टायरने वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्त असतात. मुरमाच्या आणि जंगलाकडच्या वाटांसाठी 40 ते 50 मिलिमीटरचा, कडांना ठोकळे असलेला टायर हवा आणि तेथे सीलंट सर्वाधिक उपयोगी पडते. दूध किंवा वर्तमानपत्रे वाहणाऱ्या काळ्या सायकलवर बहुतेक भार मागच्या चाकावर असतो, म्हणून नवा टायर मागे आणि त्यातल्या त्यात बरा जुना टायर पुढे बसवण्याचा प्रघात आहे. परंतु पुढचे चाक अचानक बसले की सायकल सावरत नाही, त्यामुळे चिरा पडलेला टायर पुढेही ठेवू नये.

हंगामापूर्वीची तपासणी

दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण थांबल्यावर, दोन्ही टायर रिमवरून उतरवून पाहावेत. भिंत दोन बोटांत दाबून वाकवली असता चिरांमधून आतले धागे दिसत असतील, मध्यभाग झिजून सपाट झाला असेल किंवा रिमवर बसणाऱ्या कडेतील तार उघडी पडली असेल, तर टायर बदलावा. कापलेल्या जागी आतून ‘गेटर’, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, लावून काही दिवस निभावता येते, पण तो कायमचा उपाय नव्हे. रुतून बसलेला काटा बोटाने शोधण्याऐवजी कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवावा. काट्याचे टोक जेथे असेल तेथे कापसाचे तंतू अडकतात आणि बोटाला इजा होत नाही. पंक्चर काढल्यावर ट्यूबवरील छिद्राच्या जागेशी टायरची तीच जागा ताडून काटा काढल्याशिवाय ट्यूब परत घालू नये, कारण एकाच ठिकाणी पुन्हा होणारी पंक्चरे बहुधा आत राहिलेल्या त्याच काट्याची असतात. काळ्या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, ती उन्हाळ्यात कडक होऊन हवा सोडू लागते. तीही याच वेळी बदलून घ्यावी.

नागपूरच्या हिवाळ्यासाठी टायर घेताना क्रम असा ठेवावा : आधी रिमचे माप, मग रुंदी, त्यानंतर काट्यांपासूनचे संरक्षण आणि सर्वांत शेवटी नक्षी. ज्याला यंदा नवा टायर घेणे शक्य नाही, त्याने दाब दाखवणारा एक पंप घेऊन दर आठवड्याला पहाटेच्या थंडीत हवा तपासली आणि फेरीहून आल्यावर टायरवरून नजर फिरवून रुतलेले काटे वेळीच काढले, तरी त्याची बरीचशी पंक्चरे टळतील.